एकमेकांवाचून अडले पाहिजे: जागतिक अन्नसंकट महाविद्यालयाच्या वर्गात गटांतून कसे शिकवावे

जागतिक संकटांवरचा पहिला गटप्रकल्प मी दिला, तेव्हा विषय ठेवला होता ‘हवामानबदल’. द्वितीय वर्ष कला शाखेच्या वर्गात सात-सात जणांचे गट पाडले, तीन आठवड्यांची मुदत दिली आणि शेवटी आठ सादरीकरणे पाहिली. त्यांतल्या पाचांमध्ये वितळत्या हिमखंडावर उभे असलेले एकच अस्वल होते. तोंडी प्रश्न विचारायला लागल्यावर उघड झाले की, प्रत्येक गटात एक-दोघांनी सगळे काम केले होते, एकाने छपाईचे पैसे दिले होते आणि उरलेल्यांची फक्त पहिल्या पानावर नावे होती. यात मुलांचा दोष फारसा नव्हता. काम एकट्याने होण्यासारखे होते, म्हणून ते एकट्याने झाले.

फ्रेंच कृषी अभियंता मॅक्स रिंगेलमान याने दोर ओढणाऱ्या माणसांवर केलेली मोजमापे १९१३ साली प्रसिद्ध केली. ओढणाऱ्यांची संख्या वाढत जाते तसा प्रत्येकाचा जोर कमी होत जातो, असे त्याला आढळले होते. गावच्या जत्रेत रस्सीखेच खेळलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. त्यामुळे सहयोगी अध्ययनाची आखणी करताना विचारायचा पहिला प्रश्न ‘गट किती जणांचा?’ हा नसून ‘या कामात एकमेकांवाचून कोणाचे काय अडते?’ हा आहे. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहरात १९७१ मध्ये, वेगवेगळ्या वंशांची मुले नुकतीच एका वर्गात येऊ लागली असताना, मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरनसन यांनी जिगसॉ पद्धत घडवली, ती याच प्रश्नावर. धड्याचे तुकडे करायचे, प्रत्येकाला एकच तुकडा द्यायचा आणि पूर्ण चित्र हवे असेल तर शेजाऱ्याचे ऐकण्यावाचून गत्यंतर ठेवायचे नाही, एवढेच तिचे मर्म आहे. ती शाळकरी मुलांसाठी होती. पदवीच्या वर्गात काही बदल करावे लागतात, ते पुढे ओघाने येतील.

खालील मांडणी ४५ मिनिटांच्या सात तासांची असून पटावर साठ आणि प्रत्यक्ष हजर बेचाळीसच्या आसपास विद्यार्थी, असा वर्ग गृहीत धरला आहे. उदाहरण २०२२ च्या अन्नसंकटाचे घेतले आहे.

पायरी १: विषय देऊ नका, प्रश्न द्या

‘जागतिक अन्नसंकट’ हा विषय झाला, आणि विषय दिला की मुले माहिती गोळा करतात. आमचा प्रश्न असा असतो: मार्च २०२२ मध्ये जगातली धान्यकोठारे रिकामी झालेली नसतानाही अन्नाचे भाव विक्रमी पातळीवर कसे गेले, आणि त्याची झळ सर्वांत जास्त कोणाला बसली? संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा निर्देशांक २०१४ ते २०१६ ची सरासरी १०० धरतो. तो त्या महिन्यात १६० च्या घरात पोहोचला, आणि १९९० पासूनच्या मोजणीतला तो तोवरचा उच्चांक होता.

प्रश्न निवडताना तीन गोष्टी तपासाव्यात. त्याला नेमकी तारीख असावी, म्हणजे विद्यार्थी ‘आजकाल’ आणि ‘सध्याच्या काळात’ यांच्या आड लपत नाहीत. त्यात ओळखता येतील अशा लोकांनी घेतलेले निर्णय असावेत. आणि एका देशाला शहाणपणाचा वाटणारा निर्णय दुसऱ्या देशाला महागात पडलेला असावा, कारण ही तिसरी गोष्ट नसेल तर गटात वाद होत नाही आणि वाद झाला नाही तर एकमेकांची गरजही भासत नाही.

पायरी २: पहिला तास घरातून

पहिल्या तासाच्या आदल्या दिवशी दोन छोटी कामे सांगावीत. स्वयंपाकघरातल्या तेलाच्या पिशवीवर कोणते तेल आहे ते पाहून यावे, आणि घरात किंवा शेजारी सत्तरीच्या पुढचे कोणी असेल तर त्यांना ‘बहात्तरचा दुष्काळ आठवतो का?’ एवढाच प्रश्न विचारून उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून आणावे. दुसऱ्या कामातून जे येते ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळणार नाही. एका विद्यार्थिनीच्या वहीत आजीची चार वाक्ये होती: खडी फोडायला जायचो, पोरांना सुकडी मिळायची, मिलोची (बाहेरून आलेल्या लाल ज्वारीची) भाकरी गिळवायची नाही, पण हप्त्याचे पैसे हातात यायचे.

शेवटच्या वाक्याशी थांबावे. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती आणि त्याच अनुभवातून रोजगार हमीचा १९७७ चा कायदा आला. अन्न असणे आणि ते विकत घेण्याची ऐपत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये सविस्तर मांडलेला विचार आजीच्या वाक्यात आधीच आलेला असतो. मग फळ्यावर दुसरी नोंद करावी: त्याच १९७२ मध्ये पीक बुडालेल्या सोव्हिएत संघाने अमेरिकेकडून सुमारे १ कोटी टन धान्य उचलले आणि पुढच्या दीड-दोन वर्षांत गव्हाचे जागतिक भाव दुपटीहून अधिक झाले. ज्या दुष्काळाला आपण केवळ आपला समजत आलो, त्याच्या शेजारी ही नोंद आली की वर्ग गप्प होतो. ‘जागतिक’ या शब्दाची व्याख्या त्यानंतर करण्याची गरज मला तरी पडलेली नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. दुष्काळ, कर्ज, करोनातले मृत्यू हे वर्गातल्या काही घरांचे ताजे दुःख असू शकते. त्यामुळे घरचे सांगणे ऐच्छिक ठेवावे, शेजाऱ्यांच्या आठवणीही चालतील असे आधीच सांगावे, आणि भुकेल्या मुलांची छायाचित्रे भिंतीवर लावू नयेत. अशा चित्रांनी विद्यार्थी हळहळतात, पण विचार करायचे थांबतात.

पायरी ३: सहा संच, आणि प्रत्येकात एक तुटलेला धागा

पहिल्या पायरीतल्या प्रश्नाच्या सहा बाजू घेऊन प्रत्येकीचा एक माहितीसंच करायचा. सगळ्यांत जास्त वेळ इथे जातो. माझ्या चार संध्याकाळी गेल्या. प्रत्येक संच पाठपोट झेरॉक्स केलेल्या एका कागदाचा, म्हणजे दोन पानांचा असावा आणि मराठीत असावा. मूळ कागदपत्रे इंग्रजीत असतात; ती तशीच दिली तर इंग्रजी बरे असलेला विद्यार्थी आपोआप गटनेता होतो आणि बाकीचे त्याच्या तोंडाकडे पाहत बसतात. अर्थशास्त्र, भूगोल आणि राज्यशास्त्र या विभागांतल्या सहकाऱ्यांनी दोन-दोन संच वाटून घेतले तर काम हलके होते.

आमचे सहा संच असे आहेत. पहिला ओडेसा बंदराचा: २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, समुद्रात सुरुंग पेरले गेले, बंदरे बंद पडली आणि २ कोटी टनांहून अधिक धान्य अडकून राहिले. या दोन देशांचा गव्हाच्या जागतिक निर्यातीतला एकत्रित वाटा चौथ्या हिश्श्याहून मोठा होता. दुसरा संच इजिप्तचा. तिथली सरकारी अनुदानाची रोटी तीन दशकांहून अधिक काळ पाच पियास्टरलाच (शंभर पियास्टरचा एक इजिप्शियन पौंड) मिळत होती (जून २०२४ मध्ये ती वीस पियास्टर झाली) आणि तिच्यासाठी लागणाऱ्या आयात गव्हापैकी बहुतांश गहू युद्धात गुंतलेल्या याच दोन देशांतून येत होता. तिसरा संच भारताचा: १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत उष्ण मार्च, दाणा भरण्याच्या वेळीच पोळलेला गहू, ११ कोटी १३ लाख टनांचा खाली आणावा लागलेला उत्पादनाचा अंदाज, आदल्या वर्षीच्या ४ कोटी ३३ लाख टनांवरून १ कोटी ८८ लाख टनांवर घसरलेली सरकारी खरेदी, आणि १३ मे २०२२ ची निर्यातबंदी. चौथा खतांचा: रशिया आणि बेलारूसचे पोटॅश, नैसर्गिक वायू महागल्याने युरोपात बंद पडलेले अमोनियाचे कारखाने, आणि शेजारच्या श्रीलंकेत २०२१ मध्ये रासायनिक खतांवर घातलेली व काही महिन्यांत मागे घ्यावी लागलेली बंदी. पाचवा खाद्यतेलाचा: सूर्यफूल तेलाचा जगातला सर्वांत मोठा निर्यातदार युक्रेन, त्याच्यावर विसंबलेला भारत, आणि नेमक्या त्याच वेळी, २८ एप्रिल ते २३ मे २०२२ या काळात, इंडोनेशियाने घातलेली पामतेलाची निर्यातबंदी. सहावा मदतीचा: युद्धापूर्वी आपले निम्मे धान्य युक्रेनकडून घेणारा संयुक्त राष्ट्रांचा जागतिक अन्न कार्यक्रम, आणि ओळीने पाच पावसाळे कोरडे गेलेला सोमालिया, ज्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक गहू रशिया आणि युक्रेनमधून येत होता.

आता खरी हातोटी. प्रत्येक संचात एक गोष्ट मुद्दाम अपुरी ठेवावी आणि तिचे उत्तर दुसऱ्या संचात असावे; हाच तो तुटलेला धागा. इजिप्तच्या संचात लिहिलेले असते की एप्रिल २०२२ मध्ये इजिप्तने गहू खरेदीसाठी भारताला मान्यता दिली. पुढे काय झाले ते लिहिलेले नसते. भारताच्या संचात १३ मेची बंदी असते, आणि एखाद्या देशाच्या सरकारने अन्नसुरक्षेसाठी विनंती केल्यास सवलत देण्याची तरतूदही असते; पण ती विनंती कोण करील, याचा पत्ता नसतो. दोन विद्यार्थी समोरासमोर आले की या दोन तारखा एकमेकींना भिडतात. हे जुळवून ठेवलेले नसेल तर सहा संच म्हणजे सहा स्वतंत्र निबंध होतात आणि आपण पुन्हा अस्वलापाशी येतो.

पायरी ४: गट पाडणे

सहा जणांचे ‘मूळ गट’ करावेत आणि प्रत्येक सदस्याला वेगळा संच द्यावा. बेचाळीस जणांत असे सात गट होतात, आणि एकच संच मिळालेल्या सात जणांचा एक ‘जाणकार गट’ तयार होतो. सगळा पट हजर राहिला तर जाणकार गट दहा जणांचा होईल. तो लगेच दोन भागांत मोडावा, कारण दहांत चौघे बोलतात आणि सहा जण खिडकीबाहेर पाहतात. गट शिक्षकानेच पाडावेत. मैत्रीवर सोडले तर एकाच गावाहून एकाच एसटीने येणारी मुले एकत्र बसतात, आणि गाडी चुकली की अख्खा गट गैरहजर! गैरहजेरीचा दुसरा उपाय म्हणजे दोन-तीन चुणचुणीत विद्यार्थ्यांना ‘राखीव’ ठेवून त्यांना दोन संच वाचायला देणे.

पायरी ५: जाणकार गटांचा तास

या तासाला एकच संच वाचलेले विद्यार्थी एकत्र बसतात. त्यांना ‘चर्चा करा’ असे सांगणे म्हणजे काहीच न सांगणे. तीन कामे ठरवून द्यावीत. आपला संच अक्षर न लिहिता एका आकृतीत काढायचा. मूळ गटातले साथी विचारतील असे दोन अवघड प्रश्न शोधून त्यांची उत्तरे ठरवायची. आणि ‘आम्हाला हे कळत नाही’ अशी एक ओळ लिहून ठेवायची. हीच ओळ पुढे तुटलेला धागा शोधायला उपयोगी पडते.

नियम एकच, पण कडक: मूळ गटात परतताना संचाचा कागद माझ्या टेबलावर जमा करायचा, सोबत फक्त आकृती न्यायची. कागद हातात असला की विद्यार्थी तो वाचून दाखवतो आणि ऐकणारा त्याचा फोटो काढतो. कागद नसला की त्याला आपल्या भाषेत सांगावे लागते, अडखळावे लागते, आकृतीवर बोट ठेवावे लागते. हा नियम पहिल्या वर्षी मी लावला नव्हता, आणि मूळ गटांचा सगळा तास मोबाइलवर कागदांचे फोटो काढण्यात गेला.

शिक्षकाने या तासाला तोंड मिटून फिरावे, आणि हे वाटते त्याहून कठीण आहे. एका गटात ‘निर्यातबंदी’ आणि ‘निर्यातशुल्क’ यांची गल्लत चाललेली मी ऐकत होतो आणि दुरुस्ती ओठांवर आली होती. पाच मिनिटांनी वर्षभरात क्वचितच बोललेला एक मुलगा म्हणाला, “अरे, शुल्क म्हणजे टोलनाका, पैसे भरले की गाडी सुटते, बंदी म्हणजे रस्ताच बंद.” माझ्या दुरुस्तीपेक्षा ती बरी होती. चूक तासाअखेरपर्यंत तशीच राहिली, तरच मी बोलतो.

पायरी ६: सुतळीचा नकाशा

मूळ गट पुन्हा जमले की प्रत्येकाने चार मिनिटांत आपला संच सांगायचा. सहा जणांचे मिळून चोवीस मिनिटे होतात. उरलेला वेळ आणि पुढचा पूर्ण तास नकाशासाठी ठेवावा. प्रत्येक गटाला पंधरा कोरी कार्डे आणि सुतळीचे एक रीळ द्यावे. कार्डावर घटना किंवा निर्णय लिहायचा, बाक बाजूला सारून कार्डे फरशीवर मांडायची आणि कारण व परिणाम सुतळीने जोडायचे. अट अशी की, प्रत्येक सुतळीची दोन टोके वेगवेगळ्या संचांतल्या कार्डांवर असली पाहिजेत. एकाच संचातल्या दोन घटना जोडणारी सुतळी धरली जात नाही, त्यामुळे शेजाऱ्याला विचारल्याशिवाय नकाशा पुढे सरकत नाही.

इथे एक खोट नेहमी दिसते: सगळ्या सुतळ्या ‘युद्ध’ या एका कार्डाला येऊन मिळतात. तसे झाले की मी ते कार्ड उचलून घेतो आणि विचारतो, युद्ध झाले नसते तर यांतले काय तरीही घडले असते? मग भारतातला मार्चमधला उकाडा, सोमालियातला कोरडा पाऊस, श्रीलंकेचा खतांचा निर्णय ही कार्डे जागच्या जागी उरलेली दिसतात. संकट म्हणजे एक स्फोट नसून वेगवेगळ्या वेळी सुरू झालेल्या अनेक गोष्टींची गाठ आहे, हे व्याख्यानातही सांगता येते; पण कार्ड उचलल्यावर सैल पडलेल्या आणि न पडलेल्या सुतळ्या समोर असल्या की ते विद्यार्थीच सांगतात.

पायरी ७: इस्तंबूलची वाटाघाट

दोन तास या पायरीला द्यावेत. २२ जुलै २०२२ रोजी इस्तंबूलमध्ये काळ्या समुद्रातल्या धान्यवाहतुकीचा करार झाला. वर्गात युक्रेन, रशिया, तुर्कस्तान आणि संयुक्त राष्ट्रे असे चार पक्ष, शिवाय जहाजांचे विमेकरी, आयातदार देश आणि भारत असे तीन निमंत्रित, अशी मांडणी करावी. सात मूळ गटांना सात भूमिका बरोबर पुरतात. प्रत्येकाला भूमिकेची चिठ्ठी द्यावी; तीत ‘हे मिळालेच पाहिजे’ आणि ‘हे सोडता येईल’ अशा दोनच ओळी असाव्यात. पहिल्या तासात बैठक, दुसऱ्या तासात मसुदा आणि मग खऱ्या कराराशी तुलना.

भूमिका घरच्या हिताच्या विरुद्ध बाजूने द्यावी, असा माझा आग्रह आहे. निफाडकडच्या एका विद्यार्थिनीला मी इजिप्तचा आयातमंत्री केले. तिच्या घरी चाळीत कांदा होता, आणि ८ डिसेंबर २०२३ ची कांदा निर्यातबंदी ४ मे २०२४ रोजी उठेपर्यंत घरात काय बोलले जात होते ते तिला पाठ होते. ‘भारताने गहू पाठवलाच पाहिजे’ अशी बाजू ती तावातावाने मांडत होती आणि मध्येच थांबून म्हणाली, “सर, माझे वडील विकणारे आणि मी इथे घेणारी, तरी दोघांचे म्हणणे एकच येतेय. मग बंदी हवी कोणाला?” भारताच्या बाकावरून मुंबईत वाढलेल्या एका मुलाने उत्तर दिले, “जो रोज एक किलो विकत घेतो त्याला.” पुढची वीस मिनिटे मला काही करावे लागले नाही.

मसुदे झाल्यावर खऱ्या कराराची हकीकत टप्प्याटप्प्याने सांगावी. रशिया आणि युक्रेन यांनी एकमेकांशी करार केलाच नाही. दोघांनी तुर्कस्तान आणि संयुक्त राष्ट्रे यांच्याशी वेगवेगळ्या दस्तऐवजांवर सह्या केल्या. दुसऱ्याच दिवशी ओडेसा बंदरावर क्षेपणास्त्रे पडली. तरीही १ ऑगस्टला ‘राझोनी’ हे पहिले जहाज २६ हजार टनांहून अधिक मका घेऊन निघाले. १७ जुलै २०२३ रोजी करार संपला तोवर सुमारे ३ कोटी ३० लाख टन माल बाहेर पडला होता, आणि त्यातला सर्वाधिक चीनला, त्याखालोखाल स्पेन आणि तुर्कस्तानला गेला होता. या शेवटच्या आकड्यावर वर्ग हमखास चिडतो: मग गरिबांचे काय? इथे घाईने समजूत घालू नये. जागतिक भाव उतरले की ज्या देशाच्या बंदरात जहाज गेले नाही त्यालाही स्वस्त पडते, हा एक युक्तिवाद. आणि ज्याच्याकडे परकीय चलनच नाही त्याला उतरलेला भावही परवडत नाही, हा दुसरा. दोन्ही बाजू विद्यार्थ्यांच्या संचांत आहेत. त्यांना शोधू द्याव्यात.

पायरी ८: गुणदान

अंतर्गत मूल्यमापनाच्या वीस गुणांपैकी आठ गुण एका वैयक्तिक लेखी चाचणीला द्यावेत, आणि तीत प्रत्येकाला फक्त इतरांच्या संचांवरचे प्रश्न असावेत. ज्याने खतांचा संच वाचला त्याला खतांवर एकही प्रश्न नाही. यासाठी प्रश्नपत्रिकेचे सहा प्रकार काढावे लागतात, पण साथीदाराने नीट समजावून सांगितले का आणि आपण नीट ऐकले का, या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर दिसतात. सहा गुण नकाशाला, म्हणजे सर्व गटाला समान. उरलेले सहा गुण वर्गातच हाताने लिहिलेल्या दीड पानाच्या टिपणाला: ‘वाटाघाटीत तुमच्या पक्षाने जे सोडले ते सोडायला हवे होते का?’ हे टिपण घरून आणायला सांगितले तर हल्ली ते मोबाइल लिहितो, आणि ते माझ्यापेक्षा शुद्ध असते.

एकमेकांना गुण द्यायला लावण्याचा प्रयोग मी सोडून दिला. सगळे सगळ्यांना पैकीच्या पैकी देतात, किंवा जुने भांडण काढतात. त्याऐवजी ‘गटातल्या कोणामुळे मला कोणती गोष्ट कळली?’ एवढीच ओळ लिहून घेतो, तिला गुण नसतात. ज्याचे नाव एकाही चिठ्ठीत येत नाही, त्या विद्यार्थ्याशी पुढच्या आठवड्यात एकट्याने बोलतो. बहुतेक वेळा कारण आळस नसते, तो सकाळी दूध घालून धावत पहिल्या तासाला आलेला असतो.

संच दर जूनमध्ये पुन्हा तपासावेत. निर्यातीचे नियम आणि शुल्के वर्षभरात बदलतात, आणि जुना आकडा असलेला कागद विद्यार्थ्याच्या हाती गेला की शेतकऱ्याच्या घरचे मूल तो पहिल्या पाच मिनिटांत पकडते. या वर्षापासून कांद्याचा सातवा संच त्या निफाडच्या विद्यार्थिनीनेच लिहून दिला आहे, तेव्हा आता गट सात जणांचे करावे लागतील.